काकी बसल्या की चालू होणारं इंजिन

'नो फॉल्ट फाउंड' हे शब्द मी जॉबकार्डवर तिसऱ्यांदा लिहीत होते आणि गाडीचे मालक टेबलाच्या पलीकडे उभे राहून ते उलटे वाचत होते. नो फॉल्ट फाउंड म्हणजे गाडी तपासली, दोष सापडला नाही. वर्कशॉपच्या भाषेत त्याला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे गिऱ्हाईकाला भास होतात. मालकांना हा दुसरा अर्थही माहीत असावा. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टेबलावर आडवं ठेवलं.

"गो बाय," ते म्हणाले, "मी सगळा जन्म इंजिनाच्या पोटात काढला. इंजिन खोटं बोलत नाय. माझी बायको पण नाय."

हे सुर्वे. मोठ्या जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून जयगडच्या खाडीकडच्या त्यांच्या गावात त्यांना सगळे चीफच म्हणतात. इंजिनरूममध्ये आयुष्य गेल्याने कान जवळजवळ गेलेले, आणि ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो तसे ते बोलत. रत्नागिरीतल्या आमच्या वर्कशॉपमधले सगळे मेकॅनिक मान वर करून आमच्याकडे बघायला लागले.

मी हायब्रिड गाड्यांची डायग्नोस्टिक इंजिनिअर आहे. म्हणजे गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि तिला कुठे दुखतंय ते विचारायचं. चीफची गाडी आमच्याकडची सगळ्यात भारी एसयूव्ही होती. लांबलचक, शेवाळी रंगाची, आत बसून दार लावलं की बाहेरचं जग मिटून जावं अशी. काचा दोन पदरी, दारांना जाड रबर, चाकांच्या कमानीत आवाज शोषणारा थर. तिच्या डिझाइनमध्ये सगळ्यात जास्त डोकं कशावर खर्च झालं असेल तर ते शांततेवर.

हायब्रिड म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते. बॉनेटखाली पेट्रोलचं इंजिन असतं आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. मोटरला वीज देणारी बॅटरी मागच्या सीटखाली. ही बॅटरी घरी प्लग लावून चार्ज करायची नसते. गाडी उतारावर असली किंवा ब्रेक मारला की चाकं मोटरला उलटी फिरवतात आणि वीज तयार होऊन बॅटरीत जाते. याला रीजन म्हणतात. ब्रेक मारताना साध्या गाडीत जी ताकद उष्णता होऊन उडून जाते, ती इथे साठते. बॅटरीत पुरेसा साठा असेल तर सपाट रस्त्यावर, हळू वेगात, गाडी फक्त विजेवर चालते आणि तेव्हा तिचा आवाज येत नाही. साठा संपला की इंजिन आपण होऊन चालू होतं.

चीफची तक्रार नेमकी इथे होती. त्यांच्या घराकडे येताना सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, मोठा उतार उतरावा लागतो. खाली आलं की खाडीच्या कडेने दोनतीन किलोमीटर सपाट रस्ता, मग घर. इतका मोठा उतार उतरून आलेल्या गाडीची बॅटरी भरलेली असायला हवी. ते शेवटचं अंतर तिने मुकाट विजेवर कापायला हवं. तसं होत नव्हतं. खाली पोचताच इंजिन धाडकन चालू होई.

आणि ते फक्त काकी गाडीत असताना होई.

काकी म्हणजे चीफच्या पत्नी. दीडेक वर्षापूर्वी त्यांचं डोक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण तेव्हापासून त्यांना आवाज सोसेना. ताट पडलं तर त्या भिंतीला धरून खाली बसत. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू बाहेर न्या, पण शांत ठिकाणी, शांत वाहनातून. मग चीफनी जहाज निवडावं तशी गाडी निवडली आणि ही घेतली. संध्याकाळी ड्रायव्हर त्यांना सड्यावर घेऊन जाई. स्वतः चीफ बरोबर जात नसत, कारण त्यांचा आवाज. काकींनीच त्यांना बंदी केली होती.

मी ती गाडी तीन वेळा त्याच उतारावर नेऊन बघितली होती. एकदा चीफना शेजारी बसवून, एकदा त्यांच्या ड्रायव्हरच्या शेजारी मी लॅपटॉप घेऊन बसून. प्रत्येक वेळी बॅटरी शहाण्यासारखी भरली आणि गाडी घरापर्यंत विजेवर गेली. मग लिहिणार काय? एकच गोष्ट थोडी खटकली होती. ब्रेक पॅड बरेच झिजले होते. हायब्रिडचे पॅड खूप टिकतात, कारण निम्मं काम रीजन करतं. पण घाटातली गाडी आहे, असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. ही माझी चूक, आणि ती मी आधीच कबूल करून ठेवते.

पुण्याहून सर्व्हिस हेडचा फोन आला. त्यांना केस बंद करायची होती. बॅटरीचा कंट्रोलर बदलून टाका, नवीन पार्ट बसला की माणूस खूश होतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सर, जुना चांगला आहे. ते म्हणाले, तुझा अभिमान बाजूला ठेव. अभिमान होताच. पण चांगला पार्ट काढून चांगलाच पार्ट बसवला तर खाली उतरल्यावर इंजिन पुन्हा चालू होईल, हेही मला दिसत होतं.

चीफ जाताना थांबले. आता आवाज खाली आणायचा प्रयत्न करत होते, त्यामुळे घोगरा लागत होता. म्हणाले, ती काल बोलली मला. आणखी एकदा बघते, पुन्हा तसं झालं तर मला बाहेर नेऊ नका.

"गाडी परत घ्या नायतर खाडीत ढकला, मला काय नाय," ते म्हणाले. "पण ती एकदा खोलीत गेली ना, परत नाय यायची."

मी जॉबकार्ड बंद केलं नाही. उद्या संध्याकाळी मी येते म्हटलं. लॅपटॉप आणणार नाही, मागे काकींच्या शेजारी बसेन.

दिवाळी होऊन गेली होती. रत्नागिरीहून निघाले तेव्हा ऊन कलायला लागलेलं. चीफचं घर खाडीच्या अंगाला, पुढे पोफळी, अंगणात गाडी धुऊन उभी. चीफनी मला आधी एक वही दाखवली. जहाजावर इंजिनरूमचं लॉगबुक ठेवतात तशी. प्रत्येक फेरीची नोंद होती. हवा, भरतीओहोटीची वेळ, गाडी किती वाजता आली, इंजिन चालू की बंद. भरतीची वेळ कशाला, मी विचारलं. सवय, म्हणाले.

इंजिन चालू आहे हे त्यांना ऐकू येत नसे. गाडी फाटकात आली की ते बॉनेटवर तळहात टेकवत. थरथर लागली की चालू. वहीत काकी असलेल्या प्रत्येक फेरीपुढे 'चालू' लिहिलं होतं. अक्षर सुंदर होतं, त्यामुळे ते वाचायला जास्त वाईट वाटलं.

ड्रायव्हर दत्ताराम गाडीचा आरसा पुसत होता. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, कमी बोलणारा. वीसबावीस वर्षं याच भागात जीप आणि टेम्पो चालवलेला. काकी बाहेर आल्या तेव्हा त्याने दार असं उघडलं की कडीचाही आवाज झाला नाही. काकींच्या कानांवरून जाड स्कार्फ गुंडाळलेला होता. माझ्याकडे बघून हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली.

जाताना चढ, त्यामुळे इंजिन चालू होतंच. पण ते सुरुवातीपासून चालू होतं, एकसारखं, लांब कुठेतरी गिरण चालावी तसं. काकी स्कार्फ धरून डोळे मिटून बसल्या. दत्ताराम गाडी इतकी हळुवार वळवत होता की वळणं कळत नव्हती. मी इतके ड्रायव्हर बघितले आहेत, पण मागच्या माणसाला भरलेल्या पेल्यासारखं सांभाळून नेणारा हा पहिलाच.

सड्यावर त्याने गाडी बंद केली. काकींनी काच खाली घेतली, स्कार्फ सोडला.

त्या अर्ध्या तासाचं मला नीट वर्णन करता येणार नाही. तिथे काही नव्हतं. कातळ, त्यावर वाळून पिवळं पडलेलं गुडघाभर गवत, आणि पलीकडे खाली समुद्र. बंदराच्या बाहेर दोन जहाजं नांगर टाकून उभी, इतकी स्थिर की ती कोणी चितारून ठेवली असावीत. वारा गवतातून एका टोकाकडून यायचा, आमच्यापर्यंत पोचायचा, गाडीतून आरपार जायचा आणि दुसऱ्या टोकाला विझायचा. मग पुन्हा सुरुवातीपासून. मी कामावर आहे हे विसरले. तासाचा हिशोब, पुण्याचा फोन, झिजलेले पॅड, सगळं लांबच्या कोणाचं तरी वाटायला लागलं. दत्ताराम बाहेर एका धोंड्यावर पाठ करून बसला होता.

काकी खूप हळू बोलल्या. त्यांचं माहेर याच खाडीवर, पलीकडच्या तीराला. लहानपणी घराशेजारच्या, रस्त्याखालच्या मोरीतून भरतीचं पाणी आत शिरायचं, त्याचा आवाज त्यांना झोपेत यायचा. आताच्या घराच्या वाटेवरही तशीच एक मोरी आहे. "तिथून जाताना तो आवाज यायला हवा," त्या म्हणाल्या. "पण नेमकं तिथेच इंजिन ओरडतं. मग मी कान झाकते."

त्या कसल्या शांततेसाठी बाहेर पडत होत्या ते मला तेव्हा कळलं. त्यांना आवाज नको होते असं नव्हतंच. एक आवाज त्यांना हवा होता.

सूर्य पाण्याला टेकल्यावर आम्ही परत निघालो. उतार सुरू झाला. एसी बारीक लावलेला, कारण उष्म्यानेही काकींचं डोकं चढे. काचा वर. आणि गाडी तरंगायला लागली.

मला दुसरा शब्द सुचत नाही. इंजिन बंद होतं. रस्ता खाली जात होता आणि आम्ही त्याच्यावरून पिसासारखे खाली येत होतो. आंब्याच्या बागा अंधारत चालल्या होत्या. कलमांखाली कोणीतरी पाला जाळलेला, त्याचा निळा धूर वळणावळणावर रस्त्यात उभा असायचा आणि आम्ही त्याच्यातून जायचो. माझी पापणी जड झाली. डोकं मागे टेकलं. मी सात वर्षांची झाले.

माझे वडील सावर्डे ते चिपळूण वडापची जीप चालवायचे. वडाप म्हणजे माणसं भरभरून नेणारी गाडी. शाळा सुटली की शेवटच्या फेरीला मी मागच्या बाकावर. वाटेत एक मोठा उतार होता. तिथे आलं की बाबा गिअरचा दांडा एका हाताने मधे ओढायचे, आणि इतका वेळ खडखडणारी ती जीप एकदम मऊ व्हायची. नुसता वारा. टायर रस्त्यावर सळसळायचे. मी त्या शांततेत पडून राहायचे. चढ कधी यायचा आणि खडखड कधी सुरू व्हायची, कळायचं नाही.

तीच शांतता. अगदी तीच, मी झोपेच्या काठावर असताना म्हटलं.

आणि डोळे उघडले.

तीच असून चालणार नव्हतं. हायब्रिड गाडी उतारावर गिअरमध्ये असेल तर पूर्ण शांत नसते. रीजन चालू असताना मोटर एक अगदी बारीक सूर लावते, लांबून शीळ घालावी तसा. सामान्य माणसाला तो ऐकू येणार नाही, पण माझं पोट त्याच्यावर आहे. आत्ता तो सूर नव्हता. कुठेच नव्हता. फक्त टायर आणि वारा, बाबांच्या जीपमधल्यासारखं.

मी पुढे वाकून बघितलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती.

पुढचं एखाद्या हिशोबासारखं आपोआप सुटलं. न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि मोटरचा संबंध तुटतो, म्हणून सबंध उतारभर बॅटरीत एक थेंब वीज जात नाही. वर एसी चालू, तोही बॅटरीवर. म्हणजे भरायची सोडून ती उतारावर रिकामी होत होती. गाडी नुसत्या ब्रेकवर धरायची, म्हणून पॅड झिजलेले. आणि खाली सपाटीवर दत्ताराम गिअर टाकणार, तेव्हा गाडी बघणार की बॅटरीत वीज नाही, आणि इंजिन पूर्ण ताकदीने चालू करणार. आत्ता. मोरीपाशी.

मी बोलले नाही. उतारावर, अंधारात, चालत्या गाडीत मागून ड्रायव्हरला दचकवायचं नसतं. शिवाय आता बोलून बॅटरी भरणार नव्हती. मी फक्त काकींचा हात धरला. त्यांना वाटलं मला वळणं लागली, म्हणून त्यांनीच माझा हात थोपटला. मोरी दिसली, दत्तारामने दांडा गिअरमध्ये घेतला, आणि इंजिन ओरडलं.

काकींनी कान झाकले. घर येईपर्यंत हात काढले नाहीत. फाटकात चीफनी बॉनेटवर तळहात टेकवला, आमच्याकडे न बघता वही उघडली.

काकी उतरल्या आणि अंगणातून घरात चालायला लागल्या. आणखी एकदा बघते म्हणाल्या होत्या, ते एकदा होऊन गेलं होतं. मी त्यांना ओट्याच्या पायरीशी गाठलं आणि जमेल तितक्या हळू सांगितलं, काकी, दोष सापडला. उद्या एकदाच या.

त्यांनी वळून विचारलं, "कोणाचा?"

दत्ताराम चार पावलांवर उभा होता. चीफही येऊन पोचले होते, आणि ते ओठ वाचतात. ज्याने त्यांच्या बायकोला पुन्हा खोलीत घातलं, त्याला त्या घरात दुसऱ्या दिवशी काम राहिलं नसतं, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मी म्हटलं, "आमचा. कंपनीचा."

हे मी दत्तारामला वाचवायला म्हटलं असं तेव्हा मला वाटलं. पण रात्री विचार केला तर ते खरंच होतं. गाडी ताब्यात दिली त्या दिवशी शोरूममध्ये मी होते. चीफना दोन तास सगळं समजावलं. केक कापला, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीबरोबर फोटो काढला. दत्ताराम बाहेर पार्किंगमध्ये नारळ आणि हार घेऊन उभा होता. जो माणूस गाडी चालवणार त्याला कोणी आत बोलावलं नाही. किल्ली देताना सेल्सच्या पोराने सांगितलं, डी पुढे, आर मागे, पी पार्किंग. एन म्हणजे काय ते दत्तारामला कोणी सांगायची गरज नव्हती. ते त्याला वीस वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन तोच उतार चढले. सड्यावर गाडी उभी करून विचारलं, दत्ताराम भाऊ, उतारावर न्यूट्रल का मारता? तो लगेच कबूल झाला. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. मग काकी नसताना, मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसले होते तेव्हा का नाही मारलं, हेही मी विचारलं.

"तुमाला आवाजाचं काय, मॅडम," तो म्हणाला. काकींना तो वयनी म्हणे. "वयनींसाठी मारतो. ही गाडी उतारावर बारीक शिटी मारते. तुमाला नाय ऐकू येत, मला येते. मला येते म्हंजी वयनींना टोचत असणार. न्यूट्रल मारली की शिटी बंद."

ज्या सुरावर माझं पोट आहे, तो सूर या माणसाला माझ्याइतकाच स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो त्याने एका बाईसाठी गाडीतून काढून टाकला होता. रोज, न सांगता. त्याच भल्या हेतूने तो बॅटरी रिकामी करून त्यांना थेट इंजिनाच्या तोंडी नेत होता. मला त्याच्यावर रागावता येईना, आणि तसा मला राग लवकर येतो.

डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असतं, त्यात आडव्या रेघा. मी त्याला सांगितलं, डीमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आणि चित्राकडे बघा. आम्ही उतरायला लागलो. शिटी सुरू झाली. पहिल्या दोन वळणांनंतर एक रेघ भरली. मग दुसरी. तो रस्त्याकडे बघे, चित्राकडे बघे. खाली पोचेपर्यंत चित्र जवळजवळ भरलं होतं. मोरीवरून गाडी आवाज न करता पुढे गेली. घरापर्यंत गेली.

दत्तारामने गाडी थांबवली आणि चित्रातल्या रेघा बोटाने मोजल्या.

"म्हंजी इतके दिस सगळा उतार मी फुकट घालवला," तो म्हणाला.

मी म्हटलं, आम्ही सांगितलं नाही. तो म्हणाला, पण शिटी? ती वयनींना लागली तर? याचं उत्तर फक्त काकी देऊ शकत होत्या, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर बॅटरी कितीही भरली तरी आमची केस तिथेच संपली असती.

संध्याकाळी काकी आल्या. यायचं मन नव्हतं, तोंडावर दिसत होतं. माझ्या शब्दाखातर आल्या. सडा, गवत, जहाजं. आज एकच जहाज होतं, दुसरं आत गेलं असावं. परतीच्या उतारावर दत्तारामने गिअरला हात लावला नाही. बारीक सूर सुरू झाला. मी काकींकडे बघत होते आणि आरशातून दत्ताराम काकींकडे बघत होता, जे त्याने वळणावर करायला नको होतं.

काकींनी मान किंचित कलती केली. ऐकलं. सूर वळणाबरोबर वाढत होता, सरळ रस्त्यावर उतरत होता.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "हा सांगून येतो."

आरशातले डोळे रस्त्याकडे गेले. मीही मागे टेकले. बागांवर संध्याकाळ उतरत होती, आणि आमच्याबरोबर तो सूर हळूहळू खाली येत होता, कोणी अंगाई विसरत चाललंय आणि नुसतं गुणगुणतंय तसा. आत कुठेतरी रेघा भरत होत्या. मला या गाडीचा परफॉर्मन्स विचारलात तर शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंदांत जाते ते मी तोंडपाठ सांगेन. पण त्या उतारावर ती जे करत होती त्याचा आकडा माझ्याकडे नाही.

खाली आलो. दत्तारामने काच उतरवायचं बटण दाबलं, एसी बंद केला. गाडी चालतीय की थांबलीय कळेना. खाडीचा ओला वास आत आला. मोरीपाशी त्याने वेग माणूस चालेल इतका कमी केला. आणि पाण्याचा आवाज आला. मोरीच्या तोंडाशी घुटमळणारा, मग आत ओढला जाणारा. गुळगुळ, आणि मधे मोठा श्वास.

काकींनी स्कार्फ काढून मांडीवर ठेवला होता. मोरी मागे गेली तरी त्या तिकडेच बघत राहिल्या.

फाटकात चीफ उभे होते, वही घेऊन. गाडी थांबली. त्यांनी बॉनेटवर तळहात टेकवला. मग दुसरा टेकवला. थरथर लागत नव्हती. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात गाडीवर ठेवून, आणि दाराकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

काकी उतरल्या. त्यांच्यापाशी गेल्या आणि काहीतरी म्हणाल्या, नेहमीच्या हळू आवाजात. अंधार पडला होता, चीफना ओठ दिसले नाहीत. त्यांनी कानामागे हात नेला. तेव्हा वर्षभर ज्या बाईला भांड्याचा आवाज सोसला नव्हता, तिने आपला आवाज चढवला.

"भरती लागली," त्या म्हणाल्या, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मोरीत पाणी शिरतंय. मी ऐकलं."

चीफनी वही गाडीच्या दिव्यापाशी धरून आजच्या भरतीची वेळ बघितली आणि मान डोलावली. बरोबर आहे, म्हणाले. ते नेहमीसारखंच मोठ्याने म्हणाले, आणि काकींनी कान झाकले नाहीत.

परत येताना मी बाबांना फोन लावला. ते सावर्ड्यातच असतात, गाडी सोडून बरीच वर्षं झाली. म्हटलं, बाबा, तुम्ही उतारावर न्यूट्रल मारायचात ते डिझेल वाचवायला ना? इथे वाचणाऱ्यांना इंजिनिअर म्हणून सांगून ठेवते, उतारावर न्यूट्रल कोणत्याही गाडीत मारू नये, ब्रेक तापतात, गाडी हातात राहत नाही. बाबांनाही मी हे पूर्वी ऐकवलेलं आहे.

ते म्हणाले, "डिझेल वाचायचं ते खरं. पण तू मागे पेंगायचीस ना. खडखड थांबली की तुझी मान पडायची."

आता पुण्याला रिपोर्ट पाठवायचा होता. आमच्या सिस्टीममध्ये 'मूळ कारण' असा रकाना आहे आणि त्यात चार पर्याय. पार्टमधला दोष, सॉफ्टवेअर, चालकाचा गैरवापर, इतर. सर्व्हिस हेड म्हणाले, सरळ गैरवापर टाक, आपण सुटलो. मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं, चालक मागच्या सीटकडे लक्ष देऊन गाडी चालवत होता. गाडी ताब्यात देताना त्याला आत बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेरा आला, हे मूळ कारण ग्राह्य धरता येत नाही. मी उत्तर दिलं नाही. केस अजून उघडीच दिसते.

तेव्हापासून दोन गोष्टी मी बदलल्या. आमच्या शोरूममध्ये आता गाडी देताना ड्रायव्हर आत असतो आणि हार-नारळ बाहेर. आणि तक्रार आलेली गाडी मी पहिल्यांदा मागच्या सीटवर बसून बघते, लॅपटॉप न उघडता, डोळे मिटून. कधी कधी झोप लागते. ती मी टेस्ट ड्राइव्हच्या वेळेत धरते.